धुतलेली काच

माझ्या वडिलांना फोटो काढता येत होता, पैसे मागता येत नव्हते. आमच्या घराची सगळी हकीकत या एका वाक्यात मावते. तरी मला ती थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण तिच्यातली एक गोष्ट माझ्या हातून झालेली आहे आणि ती मी बाबांखेरीज घरच्या कोणालाही आजवर धड सांगितलेली नाही. वडसा तेव्हा लहान होतं. छोट्या लाइनीची गाडी आमच्या मोहल्ल्याला जवळजवळ खेटून जायची. ती आली की फळीवरच्या फोटोच्या औषधांच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि माय हातातलं काम न थांबवता म्हणायची, "आली." स्टेशनापलीकडे धानाच्या गिरण्या होत्या. दिवाळीनंतर त्या सुरू झाल्या की दिवसभर जमीन धडधडत राहायची आणि कोंड्याची बारीक धूळ अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसायची. बाबांना त्या धुळीचा फार राग होता. ओल्या काचेवर एक कण बसला तरी फोटोत माणसाच्या गालावर पांढरा ठिपका उमटतो. बाबा आयुष्यात कोणाशी मोठ्यानं भांडले असतील तर त्या धुळीशी.

घर दोन खोल्यांचं, मागे एक पडवी. पडवीला कुडाच्या भिंती होत्या. माय त्या शेणामातीनं इतक्या घट्ट लिंपायची की आत सुईएवढा उजेड येत नसे. हीच बाबांची अंधारी खोली. कंदिलाला लाल कापड गुंडाळून ते आत बसत आणि आम्ही बाहेरून दारावर टकटक केल्याशिवाय हात लावत नसू. खोलीला एक आंबूस, नाकात बसणारा वास होता. मायच्या पदराला, आमच्या गोधड्यांना, कधी कधी भातालासुद्धा तो वास यायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे. बाबांचा कॅमेरा लाकडी होता, तीन पायांवर उभा राहणारा, मागे काळं कापड. नागपूरच्या एका स्टुडिओत ते आठ-दहा वर्षं हरकाम्या म्हणून होते. मालक म्हातारा झाला, स्टुडिओ बंद पडला, तेव्हा वर्षभराच्या थकलेल्या पगाराच्या बदल्यात मालकानं त्यांना तो कॅमेरा दिला. म्हणजे धंद्याची सुरुवातच न मिळालेल्या पैशानं झाली होती. बाबा मात्र ही गोष्ट मालकाचा मोठेपणा म्हणून सांगायचे.

दुकान नव्हतं. बोलावणं येईल तिकडे जायचं. लग्नं, बदलून जाणारे साहेब, मिशा लावून बसलेले नाटकमंडळीतले राजे, मालगुजारांची कुटुंबं, आणि कधी कधी नुकतंच गेलेलं माणूस, ज्याला भिंतीला टेकवून बसवलेलं असे. काचेच्या प्लेटा नागपूरहून रेल्वे पार्सलानं यायच्या, निम्म्या उधारीवर. छापायचं काम माझं. मी सातवी पास होऊन घरी बसले होते. लाकडी चौकटीत काच आणि कागद घालून मी ती उन्हात ठेवायची आणि कागद तपकिरी होत होत माणूस वर येईपर्यंत नजर हलू द्यायची नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे काम आवडावं असंच होतं. परकी माणसं माझ्या डोळ्यांसमोर उन्हात उगवायची.

पैसे मात्र उगवत नसत. फोटो आवडला की लोक बाबांची पाठ थोपटत आणि म्हणत, मास्तर, धान निघू द्या. धान निघालं की म्हणत, लग्न होऊ द्या. बाबा वसुलीला म्हणून सकाळी निघत आणि संध्याकाळी डोक्यावर कोहळं घेऊन परत येत. कधी पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, कधी कोचईची म्हणजे अळूची पानं, एकदा तर पाय बांधलेला कोंबडा.  माय लाखोळीच्या डाळीत कोहळ्याच्या फोडी टाकायची आणि वाढताना सांगायची, "आज पाटलाच्या लग्नाची भाजी आहे." आम्ही भावंडं हसायचो. बाबाही हसायचे. आता या वयात मला त्या हसण्यामागची मायची मान दिसते, चुलीकडे वळलेली.

ज्या साली हे सगळं बदललं त्या साली हिवाळा सरता सरता एका जंगल ठेकेदाराचं बोलावणं आलं. त्याचं नाव लिहिण्यात आता अर्थ नाही, आम्ही त्याला ठेकेदारसाहेबच म्हणत असू. भामरागडकडच्या जंगलात त्याचा सागाचा ठेका होता. नागपूरहून त्याचे पाहुणे शिकारीला येणार होते आणि त्याला सगळ्याचे फोटो हवे होते. पाहुणे, हत्यारं, पडलेली जनावरं, लाकडांच्या थप्प्या, थप्प्यांवर उभा तो स्वतः. बाबांनी उधारीवर दोन डझन काचा मागवल्या. अठरा दिवस ते जंगलात होते. परत आले ते बैलगाडीत आडवे होऊन, हिवतापानं दात वाजत. दोन दिवस पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी उठून अंधाऱ्या खोलीत गेले, कारण काचा थांबत नाहीत. फोटो सुरेख आले होते. ठेकेदाराचा माणूस आला, सगळ्या प्रती कापडात बांधून घेऊन गेला आणि म्हणाला, साहेब शुक्रवारी हिशेब करणार आहेत.

कुठला शुक्रवार ते त्यानं सांगितलं नाही. चैत्र गेला. वैशाखात बाबा चांद्याला निघाले, ठेकेदाराच्या घरी. अंगात ताप असायचा म्हणून मायनं मला सोबत धाडलं. छोट्या लाइनीच्या त्या गाडीत लाकडी बाकावर बाबा माझ्या खांद्याला टेकून झोपत आणि त्यांच्या कपाळाची आग माझ्या पोलक्यातून लागे. तसे आम्ही चार वेळा गेलो. घर मोठं होतं, बैठक थंडगार. भिंतीवर ओळीनं आमचेच फोटो लावलेले, जाड चौकटीत. आम्ही त्या फोटोंखाली सतरंजीवर बसून राहायचो. मुनीम म्हणायचा, साहेब झोपले आहेत. साहेब जेवताहेत. साहेब साइटवर गेले. चहा मात्र दर वेळी मिळायचा, कपबशीत, बिस्किटासकट. कोणी आमचा अपमान केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, बाबांना निदान राग तरी आला असता.

चौथ्या वेळी ठेकेदारसाहेब स्वतः बाहेर आले, सोबत एक सफारी टोपीवाले पाहुणे. मोठ्या आनंदानं त्यांनी बाबांची ओळख करून दिली, हे आमचे फोटोमास्तर, वाघाच्या तोंडापुढे कॅमेरा धरणारा माणूस. मग म्हणाले, आलाच आहात तर यांचाही एक काढा. बाबांनी सांगितलं की कॅमेरा आणलेला नाही.

"मग आज कसं काय येणं केलं?"

साहेबांनी हे अगदी सरळपणे विचारलं. खरोखरच त्यांच्या लक्षात नसावं. मी बाबांकडे पाहिलं. आता बोलतील असं मला वाटलं. दोन डझन काचा, अठरा दिवस, हिवताप, नागपूरच्या दुकानदाराचं तिसरं पत्र, एवढं सगळं त्यांच्या पाठीशी होतं.

"सहजच," बाबा म्हणाले. "इकडे आलो होतो."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. ब्रह्मपुरीला बाबांनी मला चार आण्यांची बोरकुटाची पुडी घेऊन दिली. मी ती खाल्ली नाही. मी खिडकीतून पळती झाडं बघत होते आणि माझ्या डोक्यात एक एक कलम तयार होत होतं, शाळेत पाठ केल्यासारखं स्पष्ट. घरी आल्यावर पुठ्ठा घेतला आणि बोरूनं लिहिलं. अर्धे पैसे आधी, मगच कॅमेरा उघडेल. उरलेले अर्धे दिल्यावरच प्रत छापली जाईल. काच येत्या दिवाळीपर्यंत ठेवली जाईल, पुढे नाही. हा पुठ्ठा मी दाराशी टांगला आणि बाबा जिथे जिथे जात तिथे मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. पैसे मी मागायचे. मुलगी समोर उभी राहून हात पुढे करते म्हटल्यावर लोकांना टाळणं जड जाई. बाबांना हे आवडलं नव्हतं. पुठ्ठा वाचून त्यांनी एवढंच म्हटलं, "लोक येतात, सुमे. उशिरा येतात, पण येतात."

मला तेव्हा बाबांच्या अशा बोलण्याचा कंटाळा आला होता.

काच पुढे का नाही ठेवायची, तर ती विकता येत असे. सोड्याच्या गरम पाण्यात टाकली की वरचा थर सुटतो, दुधावरच्या सायीसारखा, आणि खाली स्वच्छ काच उरते. बाजारात देवांच्या तसबिरी मढवणारा एक जण ती घेई. हे मी सांगते आहे ते नियमाला दोष द्यावा म्हणून नाही. नियम चांगला होता. वर्षभरात नागपूरची उधारी फिटली, बाबांच्या औषधाची सोय झाली, पावसाळ्याआधी पडवीच्या छपरावर नवी कवेलू चढली. पुढे मी स्वतः पस्तीस वर्षं हाच धंदा केला आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगितली की प्रत हातातून गेली की पैसा गेला. ठेकेदारानं मात्र शेवटपर्यंत काही दिलं नाही. नियम त्याला लागू करायला उशीर झाला होता, आणि नंतर तो आमच्याकडे आलाच नाही.

त्या दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या. आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार, मग नाटक. बाबा झाडाला पडदा बांधत. पडद्यावर त्यांनी स्वतः रंगवलेला राजवाडा आणि दोन हंस होते. लोक रांगेनं येऊन हंसांच्या मधे उभे राहत. अडीच कोसांवर तलावाच्या पाळीखाली ढिवरांचा टोला होता, मासे धरणाऱ्यांची वस्ती; तिथला सोमाजी एका मंडईच्या दिवशी बायकोला घेऊन आला. पंचविशीचा असेल, पाण्यात उभं राहून राहून पाय पांढरे पडलेला. बायकोचं नाव गिरजा. लग्नाला वर्ष झालं असेल. तिला फोटोची इतकी मौज वाटत होती की ती उभीच राहीना. बाबा काळ्या कापडात शिरले तसं ती मला म्हणाली, "मास्तर आंधळी कोशिंबीर खेळून राह्यले काय?" आणि पदर तोंडावर धरून हसली. बाबा आतून म्हणाले, हलू नका बाई. ती आणखीच हसली. शेवटी दम धरून उभी राहिली तेव्हाही हसू तोंडावर होतंच. सोमाजीनं कमरेच्या पिशवीतून अर्धे पैसे काढून दिले. बाकीचे मासोळी निघाल्यावर देतो म्हणाला. मी चिठ्ठी दिली.

पुढल्या पावसाळ्यात गिरजा बाळंतपणात गेली. हे आम्हाला कळलं नाही. अडीच कोस म्हणजे पावसात दुसरा मुलुख. दिवाळी आली, मी नियमाप्रमाणे फळीवरच्या, बाकी देऊन कोणी न सोडवलेल्या काचा काढल्या, तीसेक असतील, आणि अंगणात घमेल्यात सोड्याचं पाणी उकळून एक एक आत सोडली. काचेवर चेहरे उलटे असतात, तोंडं काळी आणि केस पांढरे. त्यामुळे ओळखीचं माणूसही ओळखू येत नाही. काम चटचट होतं. मायनं सारवण आटोपून पाहिलं तेव्हा मी काचा फडक्यावर पालथ्या मांडत होते. ती म्हणाली, "धुतल्या का?" मी म्हटलं, धुतल्या. त्या दिवशी मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं होतं.

फागणात एका सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते आणि सोमाजी येऊन उभा राहिला. मी त्याला पटकन ओळखलं नाही. बारीक झाला होता, डोळ्यांच्या कडांना काजळी बसल्यासारखी. बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेलो होतो म्हणाला. त्यानं चिठ्ठी काढली, घामानं मऊ झालेली, आणि उपरण्याच्या गाठीतून पैसे काढून माझ्यासमोर सुपाच्या कडेला ठेवले.

"गिरजा गेली जी," तो म्हणाला. "पोरगी आहे. तिले माय दाखवाची आहे."

मी सुपातले तांदूळ हलवत राहिले. मग म्हणाले की बाबा घरी नाहीत, काच शोधावी लागेल, आठ दिवसांनी या. पैसे मी घेतले नाहीत. तो "बरं जी" म्हणाला आणि गेला. अडीच कोस आला होता, पाणीसुद्धा न पिता गेला. तो दिसेनासा होताच मी अंधाऱ्या खोलीत शिरले. एक आशा होती. काच नीट आली का ते बघायला मी कधी कधी कागदाच्या कपट्यावर कच्ची प्रत काढत असे. औषधात न बुडवलेली ती प्रत उजेडात काळवंडते, पण अंधारात काही दिवस टिकते. डबे उपसता उपसता ती सापडली. उघडून पाहिली तर गडद तपकिरी चौकोन. उन्हाकडे तिरपी धरली की दोन माणसांच्या आकृतीसारखं काहीतरी दिसे, पण तोंड नाही. मी ती तिरपी करून बघत राहिले, आणि जितकी बघत होते तितका उजेड लागून ती आणखी काळी होत होती.

आठ दिवसांनी सोमाजी आला. मी सांगितलं, नागपूरहून औषधं यायची आहेत. हे बोलताना मला एकदम चांद्याच्या त्या मुनीमाचा आवाज ऐकू आला, माझ्याच तोंडातून. सोमाजीनं पानात गुंडाळलेली मरळ आणली होती. मास्तरची तब्येत बरी नाई म्हणते, रस्सा करून द्या, असं म्हणून ती मायच्या हातात दिली. मायनं संध्याकाळी रस्सा केला. मी तो खाल्ला. चांगला झाला होता. बाबांनी विचारलं, मासोळी कोणाची. मायनं सांगितलं, फोटोची बाकी असलेला कोणी ढिवर आहे, दुसऱ्यांदा परत गेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ठेकेदाराच्या बैठकीत बसून बसून त्यांना दुसऱ्यांदा परत जाणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं.

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ खोकले, मग पाणी प्याले आणि विचारलं, "कोऱ्या काचा किती आहेत?"

"दोन."

"सकाळी जाऊ."

बाबांना तेव्हा अर्धा कोसही धड चालवत नव्हतं. कॅमेरा त्यांनी पाठीला बांधला, तिकाटणं मी खांद्यावर घेतलं. दर थोड्या वेळानं ते मोहाच्या झाडाखाली बसत. मोह पडायला लागला होता, खाली पिवळ्या फुलांचा सडा आणि तो गोड, जड वास. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. आम्ही कोणाचा फोटो काढायला निघालो म्हणून विचारत होत्या आणि बाबा नुसते हात हलवत होते. टोल्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बांबूवर जाळी वाळत होती. सोमाजी अंगणात जाळ्याची फाटकी बाजू सांधत बसला होता. त्याची सासू लेकीच्या पोरीला सांभाळायला तिथेच येऊन राहिली होती. आणि धाकटी साळी, गिरजाची बहीण जना, माझ्याच वयाची. पोरगी तिच्या कडेवर होती, आठ महिन्यांची, डोळ्यांत काजळ भरलेली.

बाबा सांगायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. काच मी धुतली, मी म्हटलं. दिवाळीला धुतली, मला ठाऊक नव्हतं, आणि नंतर दोनदा खोटं बोलले. सोमाजीचे हात जाळ्यात होते ते तसेच राहिले.

"धुतली म्हंजे," तो म्हणाला, "पुसून गेली?"

"हो."

सासूनं तोंडावर पदर घेतला. सोमाजीनं जाळं बाजूला ठेवलं. मी वाट बघत होते की तो आता मला बोलेल. तो बोलला, पण भलतंच. तो म्हणाला की चिठ्ठीवर दिवाळीपर्यंत असं लिहिलं होतं, ते त्यानं खाणीतल्या एका माणसाकडून वाचून घेतलं होतं. सुट्टी मागितली, मिळाली नाही. "मीच आलो नाई," तो म्हणाला. "तुमचा काही दोष नाई, बाई."  ज्यानं पैसे बुडवले त्यानं आम्हाला बिस्किटं दिली होती, आणि ज्याची बायको मी पुसून टाकली होती तो माझी समजूत काढत होता.

पुढचं सोमाजीनंच सुचवलं. जनाचं तोंड गिरजासारखं आहे, असं सगळे म्हणतात. तिचा फोटो काढा. पोरीला काय कळणार आहे. सासू एकदम उठून उभी राहिली.

"गेलेल्या पोरीच्या जाग्यावर जित्या पोरीले बसवतो काय तू?" ती म्हणाली. "हिच्या लग्नाच्या आधी हिले मेलेली कराची आहे?"

 सोमाजीनं मान खाली घातली. बाबांनी कॅमेरा अजून पाठीवरून सोडला नव्हता, ते परत निघायच्या बेतात होते. तेवढ्यात जनानं पोरगी माझ्याकडे दिली. पोरगी गरम होती, तिला दुधाचा आणि मासोळीचा वास होता. जना आत गेली आणि गिरजाचं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. "बसते मी," ती आईला म्हणाली. "काऊन रडतं? फोटोच तर आहे."

बाबांनी तिला कुडाच्या भिंतीशी बसवलं. राजवाड्याचा पडदा आणला नव्हता, बरं झालं. सोमाजी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होता. बाबा कापडात शिरल्यावर तो हळूच म्हणाला की ती हसत होती, मास्तर. बाबांनी जनाला थोडं हसायला सांगितलं. तिनं प्रयत्न केला. ओठ हलले आणि डोळे भरून आले, तेव्हा बाबा म्हणाले, राहू द्या, तशाच बसा. दोन्ही काचा वापरल्या. दुसरी चांगली आली, पण हसू कशातच नव्हतं.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. भात आणि झिंग्यांचं कालवण. जेवण झाल्यावर सोमाजीनं पुन्हा ती उपरण्याची गाठ सोडली. बाबा नको नको म्हणत मागे सरकले. सोमाजीनं त्यांना सांगितलं की नव्या फोटोचे तुम्ही घेऊ नका, ते तुमच्या मनावर. हे जुन्याचे आहेत.

"थे उभी राहून काढून गेली न जी फोटो," तो म्हणाला. "आता थे गेली. तिच्या नावानं बाकी ठेवाची नाई."

बाबांना हात पुढे करता येईना. तसा त्यांना कधीच आला नव्हता. मी पोरगी आजीकडे दिली, हात पुढे केला आणि पैसे घेतले. चिठ्ठी मागून घेतली आणि तिच्यावर लिहिलं, पूर्ण मिळाले. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून वाचून दाखवलं. आयुष्यात मी हजारो वेळा पैसे मोजून घेतले, कोर्टाच्या पायऱ्यांवरही घेतले, पण तेवढा जड पैसा पुन्हा हातात आला नाही.  घरी पोचल्यावर मायनं पाय धुवायला पाणी दिलं तेव्हा बाबा म्हणाले, "काचा यापुढे धुवायच्या नाहीत." बाकीचा पुठ्ठा त्यांनी तसाच राहू दिला. त्यानंतर आमच्या घरात न सुटलेल्या काचा साठत गेल्या. खाटेखाली, फळीवर, मायच्या धान्याच्या कोठीत. फार थोड्या लोकांनी येऊन नेल्या. लोक येतात हे बाबांचं म्हणणं तेवढं काही खरं नव्हतं. पण जे आले त्यांना परत जावं लागलं नाही.

वर्षभरानं सोमाजीचं जनाशी लग्न झालं. तिकडे तसं होतंच. पुढे बाबा गेले, मी कॅमेरा घेतला. वीस-बावीस वर्षांनी त्याच पोरीच्या लग्नाचे फोटो काढायला मला बोलावणं आलं. मी गेले. घर पक्कं झालं होतं, भिंतीवर हिरव्या लुगड्यातली ती बाई होती, खाली उदबत्तीची राख. नवरी बोहल्यावर जाण्याआधी त्या फोटोच्या पाया पडली आणि मग वळून जनाच्या पाया पडली. जना हुंदका न देता उभी होती, केस पिकायला लागलेले, तोंड आता फोटोपेक्षा कितीतरी वेगळं झालेलं.

मांडव रिकामा झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. पोरीला खरं सांगितलं का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. सोमाजीनं सांगितलं नाही, म्हातारी सांगायच्या आत गेली, आणि तिला स्वतःला कधी धीर झाला नाही.

"सणासुदीले पोरगी फूल वाहते," ती म्हणाली. "मी समोर उभी राहून पाहते. तिची माय मीच आहो अन् फोटोतली थे बी मीच आहो. थकली बाई मी त्या फोटोत बसून."

माझ्याकडे रोलमध्ये तीन फोटो शिल्लक होते. मी तिला म्हटलं, चल, तुझा एक काढते. तिनं नको म्हटलं नाही. लग्नातलं जांभळं लुगडं होतं, तेच नेसून ती मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. काय करू, तिनं विचारलं. काही करू नको, मी म्हटलं. तिनं दमलेल्या माणसासारखा खांबाला हात टेकला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

आठवड्यानं मी प्रत पाठवली. तिनं ती भिंतीवर लावली नाही असं नंतर कळलं. लुगड्यांच्या पेटीत, घड्यांच्या मधे ठेवली होती आणि कोणाला दाखवत नव्हती.